ज्याचे यंत्र त्याच्याच टेबलावर? एक प्रतिवाद

ग्रामपंचायत असो, शाळा असो, सेवा केंद्र असो की देवस्थानचे कार्यालय, चार संगणक घ्यायचे ठरले की एक सल्ला हमखास मिळतो. प्रत्येक संगणकाला त्याचा प्रिंटर द्या, त्याचा स्कॅनर द्या, बॅकअपची डिस्कही वेगळी द्या. शेअरिंगच्या भानगडीत पडू नका. हा सल्ला दुकानदार देतात, दुरुस्तीवाले देतात आणि वर्षानुवर्षे कार्यालय चालवलेली अनुभवी माणसेही देतात. त्यामागची कारणे चार. यंत्रे आता स्वस्त झाली आहेत. शेअर केले की वेग मरतो. सामायिक यंत्र बंद पडले की सगळे कार्यालय ठप्प होते. आणि जे सगळ्यांचे, त्याची जबाबदारी कुणाचीच नसते. यातले एकही कारण हवेतून आलेले नाही. प्रत्येकामागे कुणाचा तरी खराखुरा मनस्ताप आहे. तरीही त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याची किंमत नरसी नामदेवसारख्या गावांतली सामान्य माणसे रांगेत उभी राहून मोजतात, असे माझे ठाम म्हणणे आहे.

नरसी हे हिंगोली तालुक्यातले, कयाधूकाठचे गाव. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून त्याची ओळख आहे. आषाढी करून परतलेले वारकरी वद्य एकादशीला परतवारीसाठी इथे येतात. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची पदे असल्यामुळे शीख समाजाचीही या गावावर श्रद्धा आहे. अशा गावात संगणकाचे काम म्हणजे मुख्यतः कागदाचे काम. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती. अर्ज ऑनलाइन झाला म्हणून कागद संपला नाही. तो स्कॅन करून चढवावा लागतो आणि शेवटी पावतीची प्रिंट हातात द्यावी लागते. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा राज्यभर सेवा केंद्रांपुढे लागलेल्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. त्या रांगांना सर्व्हर जबाबदार होता, हे खरे. पण सर्व्हर सुरळीत चालतो त्या दिवशीही रांग हलत नाही, त्याचे कारण सर्व्हरमध्ये नसून टेबलावर असते.

तेव्हा आधी स्वस्ताईचा मुद्दा घेऊ. ‘यंत्रे स्वस्त झाली’ याचा खरा अर्थ संथ यंत्रे स्वस्त झाली, एवढाच आहे. झाकण उघडून एकेक पान ठेवायचा सपाट स्कॅनर स्वस्त आहे. फीडरमधून मिनिटाला तीस पाने, तीही दोन्ही बाजूंनी एकाच फेरीत ओढणारा स्कॅनर आजही महाग आहे. प्रत्येक टेबलाला स्वतंत्र यंत्र द्यायचे ठरले की तोच पैसा चार ठिकाणी वाटला जातो आणि चारही टेबलांवर संथ यंत्र येते. मग हिशेब असा होतो. एका अर्जदाराची दहा पाने, म्हणजे वीस बाजू. पान ठेवणे, झाकण लावणे, दिवा सरकेपर्यंत थांबणे, पान उलटणे, असे एका बाजूला वीस सेकंद धरले तरी सहा मिनिटे चाळीस सेकंद होतात. तेवढा वेळ ऑपरेटरचे दोन्ही हात अडकलेले असतात. फीडरच्या स्कॅनरला तीच दहा पाने वीस सेकंदांत आटोपतात.

यावर लगेच विचारले जाते की चौघांना एकच स्कॅनर दिला तर त्याच्यासाठी रांग लागणार नाही का? लागत नाही, आणि का लागत नाही ते पाहा. एक अर्ज भरायला दहा मिनिटे लागतात असे धरू. त्या सहाशे सेकंदांत स्कॅनर हवा असतो वीस सेकंद, म्हणजे तिसावा भाग. चार ऑपरेटर मिळून यंत्राचा वापर तीसपैकी चार भाग होतो. उरलेले सव्वीस भाग ते रिकामेच असते. तुम्ही पाने घेऊन उठलात त्या क्षणी दुसरा कुणी तिथे उभा असण्याची शक्यता साधारण दहात एक, आणि असलाच तर थांबायचे ते वीस सेकंदांच्या आत. डेन्मार्कच्या ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या तारांबाबत अशा हिशेबाचा पाया घातला. प्रत्येक ग्राहकाला एक्स्चेंजपासून पुढे स्वतंत्र तार ओढायची नसते; सगळ्यांत मिळून थोड्या तारा पुरतात, कारण सगळे एकाच वेळी बोलत नाहीत. कमी वेळ लागणारे, पण वेगाने हवे असलेले साधन सामायिक ठेवावे, हे यंत्रांच्या दुनियेत शंभर वर्षांहून जुने शहाणपण आहे. गावकीची मोठी पातेली देवळात ठेवतात आणि ज्याच्या घरी लग्न असेल तो नेतो, त्यामागचे गणितही हेच.

आता वेग मरण्याचा मुद्दा. हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत कमी मोजला जातो. ए-फोर आकाराचे रंगीत पान ३०० डीपीआयने स्कॅन केले तर त्यात २,४८० गुणिले ३,५०८ ठिपके येतात आणि प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. म्हणजे कच्चा माल सुमारे २६ मेगाबाइट. वर सांगितलेला स्कॅनर सेकंदाला एक बाजू देतो, तेव्हा त्याला सेकंदाला २६ मेगाबाइट, म्हणजेच सुमारे २१० मेगाबिट वाहून नेणारी तार हवी. साधे गिगाबिट नेटवर्क १,००० मेगाबिटचे असते. शिवाय पान संकुचित होऊन आले तर ही गरज कितीतरी खाली येते. मग वेग मेला कुठे? तो मरतो तो कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या, शंभर मेगाबिटच्या जुन्या स्विचमध्ये, किंवा तीन भिंतींपलीकडच्या वायफायमध्ये. दोष त्या डबीचा आहे आणि ती बदलायला एका प्रिंटरपेक्षा फार कमी पैसे लागतात.

बॅकअपच्या डिस्कचेही तेच. आत तबकडी फिरणारी पोर्टेबल डिस्क यूएसबी ३.० ला लावली तरी सेकंदाला शंभर-सव्वाशे मेगाबाइटच्या आसपासच देते, कारण तबकडी त्याहून वेगाने वाचता-लिहिता येत नाही. यूएसबी ३.० ची तार कागदावर पाच गिगाबिटची असली तरी या डिस्कला त्याचा उपयोग नाही. गिगाबिट नेटवर्कमधून प्रत्यक्षात शंभर ते एकशेदहा मेगाबाइट मिळतात. फरक जवळपास नाहीच. एसएसडी असेल तर मात्र आहे: थेट जोडली तर सेकंदाला चारशे मेगाबाइट, नेटवर्कमधून त्याच्या चौथ्या हिश्शाएवढे. लग्नाचे किंवा यात्रेचे व्हिडिओ संपादन करणाऱ्याने एसएसडी स्वतःच्याच संगणकाला लावावी, हे मला मान्य आहे. पण ग्रामपंचायतीचे दप्तर आणि शाळेचे निकालपत्रक यांना हा नियम लावणे चूक आहे.

इथे थोडा इतिहास सांगितलाच पाहिजे, कारण शेअरिंग हा वेगवान यंत्राचा शत्रू आहे असे मानणाऱ्यांना तो बहुधा ठाऊक नसतो. ज्या इथरनेटवर आज जगभरातली कार्यालये चालतात, ते जन्मले त्यामागचे एक मोठे कारण एक वेगवान प्रिंटर हे होते. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर तयार केला होता. तो सेकंदाला एक पान छापायचा, इंचाला पाचशे ठिपके या बारकाव्याने. असे यंत्र प्रत्येक टेबलावर ठेवणे अशक्य होते, आणि ते एकाच टेबलावर ठेवणे म्हणजे ते वाया घालवणे. शिवाय त्या काळच्या तारांना त्याची भूक भागवता येत नव्हती. पाचशे ठिपक्यांच्या एका पानात दोन कोटी तीस लाखांहून अधिक ठिपके होतात. सेकंदाला ९,६०० बिट नेणाऱ्या तारेने ते कच्चे पाठवायचे तर चाळीस मिनिटे लागतील. रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये इथरनेटचे टिपण लिहिले, आणि सुरुवातीच्या २.९४ मेगाबिटच्या जाळ्यात तेच पान आठ सेकंदांत जाण्याइतका वेग आला. म्हणजे वाटून घेण्याच्या गरजेतूनच वेग जन्मला. १९८५ मध्ये अ‍ॅपलचा लेझररायटर ६,९९५ डॉलरला बाजारात आला, तेव्हाही तो विकला गेला तो अनेक संगणकांत मिळून वापरता येतो म्हणूनच. आपल्याकडे तर १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा अख्खा संगणकच देशभरातल्या संशोधकांनी वाटून वापरला.

मग अनुभवी माणसांचा अनुभव वाईट का? तो वाईटच आहे, मी नाकारत नाही. पण ते ज्याला शेअरिंग म्हणतात ते तीन वेगवेगळ्या गोष्टींचे नाव आहे, आणि त्यांतल्या दोन खरोखरच टाकाऊ आहेत.

पहिली म्हणजे तार बदलण्याची. एक प्रिंटर, दोन संगणक, मध्ये बटणाची डबी. किंवा डबीही नाही, हातानेच केबल काढायची आणि दुसरीकडे लावायची. यूएसबीची रचनाच एकमालकी आहे. १९९६ पासून आजवर तिच्या पिढ्या बदलल्या, वेग बारा मेगाबिटवरून कितीतरी गिगाबिटवर गेला, पण नियम तोच राहिला: तारेवर एक यजमान संगणक, बाकी सगळे त्याच्या हुकमात. यंत्र स्वतःहून बोलत नाही, यजमान विचारतो तेव्हाच उत्तर देते. डबीचे बटण दाबले की पहिल्या संगणकाच्या दृष्टीने यंत्र उपटून काढले गेले. छपाई चालू असेल तर ती अर्धवट तुटते. डिस्कवर लिहिणे चालू असेल तर फाइल बिघडते, कधी अख्खी डिस्क वाचता येत नाही. आणि एकच डिस्क दोन संगणकांना एकाच वेळी थेट जोडण्याची कुणी युक्ती काढलीच, तर ती आणखी वाईट: दोघेही स्वतःलाच एकटे मालक समजून तिच्यावर लिहितात आणि एकमेकांचे पुसतात. अंतराची अडचण आहे ती वेगळीच. यूएसबी ३.० ची साधी तार तीन मीटरच्या पुढे भरवशाची नाही; इथरनेटची शंभर मीटर जाते.

दुसरी पद्धत म्हणजे प्रिंटर एका संगणकाला लावायचा आणि त्या संगणकाने तो इतरांना द्यायचा. बहुतेक कार्यालयांतले शेअरिंग हेच, आणि बहुतेक शिव्याही यालाच. तो संगणक बंद, तर सगळ्यांची छपाई बंद. त्यावर काम करणारा रजेवर गेला आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक असला, की दिवस गेला. २०२१ मध्ये तर यावर कळस झाला. विंडोजच्या छपाई-व्यवस्थेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली मोठी सुरक्षा-त्रुटी सापडली, ती बुजवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने अपडेट दिले, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर जगभरच्या असंख्य कार्यालयांत शेअर केलेला प्रिंटर जोडायला गेले की ‘०x०००००११बी’ अशी चूक येऊ लागली. ‘शेअरिंग नकोच’ हे मत त्या महिन्यांत अनेकांचे पक्के झाले असेल. पण तेव्हा मोडली ती संगणकामार्फत होणारी वाटणी. जे प्रिंटर स्वतःची तार घेऊन थेट स्विचला जोडलेले होते आणि ज्यांच्याकडे प्रत्येक संगणक स्वतः काम पाठवत होता, त्यांना या चुकीने गाठले नाही.

हीच तिसरी पद्धत, आणि माझा आग्रह तिच्याचसाठी आहे. यंत्राला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता हवा. त्याचा मालक एकच, म्हणजे त्याच्या आतला छोटा संगणक. तोच रांग सांभाळतो, तोच एकामागून एक कामे घेतो. डिस्क असेल तर तिला सांभाळणारी एकच पेटी हवी; तिने बाकीच्यांना डिस्क द्यायची नाही, फायली द्यायच्या. मालकी एकाची आणि उपयोग सगळ्यांचा, एवढे पथ्य पाळले की यूएसबीच्या एकमालकी स्वभावाशी भांडण उरत नाही.

या तत्त्वाची सर्वांत कठोर परीक्षा कुठे होते, तर आपल्याच जिल्ह्यात उभ्या राहत असलेल्या प्रकल्पाच्या शास्त्रात. हिंगोलीच्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, टोकांना आरसे, आणि ते आरसे जागच्या जागी राखण्यासाठी अखंड चाललेली मोजमापे. तिच्या अमेरिकेतल्या बहिणींमध्ये, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनला, संवेदकांचे संकेत अंकांत बदलणारी यंत्रे सेकंदाला ६५,५३६ वेळा नमुने घेतात. ही यंत्रे उपकरणाजवळ असतात, संगणक दूर दुसऱ्या खोलीत, कारण संगणकांच्या पंख्यांचा आवाजही तिथे नको. मध्ये ऑप्टिकल फायबर. प्रत्येक यंत्रसंच एका संगणकाच्याच ताब्यात असतो, पण त्याने वाचलेले अंक वेगवान सामायिक स्मृतिजाळ्यावर ठेवले जातात आणि गरज असलेला दुसरा संगणक ते तिथून उचलतो. प्रत्येक संगणकाला स्वतःचा संवेदक द्या, असे तिथे कुणी म्हणत नाही. जिथे सेकंदाच्या पासष्ट हजाराव्या भागाची किंमत आहे तिथे वाटून घेणे चालते, तर उत्पन्नाच्या दाखल्याला ते चालणार नाही हे मी कसे मानू?

उरले दोन आक्षेप. एक बंद पडले की सगळे ठप्प, हा त्यांतला वजनदार. पण त्याचे उत्तर प्रत्येक टेबलाला एक यंत्र हे नाही. एक वेगवान आणि एक साधे राखीव, हे आहे. चार टेबलांवरच्या चार यंत्रांत चार प्रकारची शाई, चार ड्रायव्हर, चार रोलर झिजत असतात, आणि चौथे बंद पडते तेव्हा त्याचे टोनर हिंगोलीच्या बाजारात मिळेनासे झालेले असते. एकाच जातीची दोन यंत्रे असली तर एकाचे टोनर दुसऱ्याला चालते. विजेचा विचार तर करतच नाही कुणी. लेझर प्रिंटर गरम होताना शेकड्यांनी वॅट ओढतो, कधी हजाराच्या वर. लाइट गेल्यावर छोट्या इन्व्हर्टरवर असा एकच प्रिंटर चालला तरी नशीब, चार एकदम गरम झाले की सगळे संगणकही त्यांच्याबरोबर जातात.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा आणि गोपनीयतेचा. जे ‘शेअरिंग नको’ म्हणतात त्यांच्याही कार्यालयात शेअरिंग होतेच. ते पेनड्राइव्हने होते. या टेबलावरची फाइल त्या टेबलावर न्यायची, रंगीत प्रिंट दुसऱ्याकडे आहे म्हणून आधारची प्रत त्याच्या डेस्कटॉपवर टाकायची, आणि ती तिथे महिनोन्‌महिने पडून राहायची. व्हायरसही त्याच पेनड्राइव्हवरून फिरतो. लोकांची कागदपत्रे सुरक्षित ठेवायची असतील तर ती एका ठिकाणी, ज्याच्या त्याच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, पासवर्डखाली उतरली पाहिजेत आणि काम झाल्यावर पुसली गेली पाहिजेत. हे सामायिक व्यवस्थेत करता येते. चार सुट्या संगणकांत ते चार माणसांच्या मर्जीवर सोडावे लागते. ग्राहकांना दिलेले वायफाय मात्र कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळे हवे, नाहीतर बाहेर बसलेला कुणीही मोबाइलवरून प्रिंटरला काम पाठवू शकेल. या बाबतीत समोरच्यांची भीती रास्त आहे.

आणि दोन वस्तू अशा आहेत की त्यांच्या बाबतीत मी पूर्णपणे समोरच्यांच्या बाजूचा आहे. पहिली, आधार प्रमाणीकरणाचे बोटांचे ठसे घेणारे यंत्र. त्याची प्रणाली मुद्दामच अशी केली आहे की ठसा यंत्राशी बांधील राहून कूटबद्ध होतो आणि त्याचे सॉफ्टवेअर फक्त त्याच संगणकावरून आलेली हाक ऐकते. तारेवरून ते दुसरीकडे पुरवण्याच्या युक्त्या सांगणारे भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवावे. दुसरी वस्तू म्हणजे डिजिटल सहीचे डोंगल. सहीची गुप्त किल्ली ज्याची त्याच्याच ताब्यात राहील याची काळजी घेणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४२ ने त्याच्यावर घातलेले बंधन आहे. ग्रामसेवकाचे किंवा तलाठ्याचे डोंगल सामायिक संगणकाला कायमचे खोचलेले असणे, मग ते कितीही सोयीचे वाटो, म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून तो टेबलावर ठेवणे आहे. प्रिंटर सगळ्यांचा असावा, सही कधीच नाही.

म्हणून खरेदीच्या मागणीपत्रात काय लिहिले जाते याकडे माझे लक्ष आहे. तिथे ‘प्रिंटर, नग चार’ अशी ओळ येते आणि विषय संपतो. त्याऐवजी तिथे लिहायला हवे: नेटवर्क पोर्ट असलेला, दोन्ही बाजूंनी छापणारा प्रिंटर, नग दोन, एकाच मॉडेलचे, फीडर असलेला नेटवर्क स्कॅनर, नग एक, राखीव सपाट स्कॅनर, नग एक, गिगाबिट स्विच, भिंतीतून ओढलेली केबल, आणि बॅकअपची पेटी, तिची दुसरी प्रत इमारतीबाहेर. पोर्ट नसलेले स्वस्त मॉडेल कुणी गळ्यात मारू लागला तर ते परत करायचे. यंत्रांचे पत्ते आणि पासवर्ड एका वहीत लिहून ती वही कपाटात, एका नेमलेल्या कर्मचाऱ्याच्या नावावर ठेवायची, आणि त्याची बदली झाली की ती पुढच्याला सही घेऊन द्यायची.